काचा शाबूत

विसरावी म्हणून काही कमी खटपट केली नाही, पण ती घटना अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. नोकरीतले खून-दरोडे मी नातवंडांना रंगवून रंगवून सांगतो. ही गोष्ट मात्र आजवर घरात कुणाला सांगितलेली नाही. या प्रकरणात मी हुशार ठरलो होतो, वरून शाबासकी मिळाली होती, आणि त्या शाबासकीची मला आज सत्तरी ओलांडल्यावरही लाज वाटते.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-चार वर्षं झाली होती. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोल्यातला एक तालुका होता. मालेगावाहून रिसोडकडे जाणाऱ्या पट्ट्यात एका लहानशा ठाण्यावर मी फौजदार होतो. नावं मी कुणाचीच लिहिणार नाही, ठाण्याचंही नाही. त्या माणसांची मुलंबाळं अजून तिथेच नांदत असतील.

मी साताऱ्याकडचा. कवायतीचा पक्का, कायद्याची कलमं तोंडपाठ आणि डोकं कायम तापलेलं. ठाण्याचे जमादार माझ्या वडिलांच्या वयाचे, अस्सल वऱ्हाडी गृहस्थ. माझी चिडचिड पाहून ते हसायचे. म्हणायचे, "साहेब, तुमी बंदूक शिकले, कायदा शिकले, आता जराशी आमची बोली बी शिका. नाहीतं माणूस खरं बोलून राह्यला तरी तुमाले लबाड वाटीन." तेव्हा मला ती थट्टा वाटायची.

ठाण्यापासून सहा-सात मैलांवर सागाच्या झाडीची एक टेकडी होती आणि तिच्या पोटात गुहा होती. कोरलेलं लेणं नव्हे, निसर्गानंच केलेली. दोन काळ्या खडकांच्या मधे तांबड्या मऊ मुरमाचा थर होता. तो पाण्यानं झिजून झिजून वाहून गेला आणि वरचा काळा खडक छतासारखा नुसता राहिला. आत शंभर माणसं सहज बसतील. मागच्या भिंतीतून बाराही महिने पाणी ठिबकायचं. चैत्राच्या उन्हात आत शिरलं तरी अंगावर काटा यावा असा गारवा. गुराखी दुपार काढायला जायचे, बाकी सगळी मालकी वटवाघळांची.

दुष्काळी कामावर त्या टेकडीपर्यंत कच्चा रस्ता झाला होता. आता रस्ता झाला म्हटल्यावर त्याच्या टोकाला काहीतरी असायला हवं ना! कुणा साहेबाच्या मनात आलं, गुहा पर्यटनाला खुली करावी. पायऱ्या, कठडा, फलक, बाकडी असा सगळा बेत ठरला. एका खात्याकडं काम सोपवलं गेलं. त्या खात्याचा एक ओव्हरसियर नेमला गेला आणि गुहेवर रोजंदारीचा एक चौकीदार आला.

तो चौकीदार म्हणजे जवळच्याच गावातला एक बौद्ध शेतमजूर. चाळिशीचा, किडकिडीत, चौथी शिकलेला. दुष्काळी कामावर खडी फोडून हाताला घट्टे पडलेले. पण माणूस टापटिपीचा. खाकी सदरा स्वतः धुऊन, तांब्यात निखारे घालून इस्त्री करायचा. कायम करण्याचं आश्वासन त्याला ओव्हरसियरनं दिलं होतं. त्याच्या घराण्यात सरकारी नोकरीत चिकटणारा तो पहिलाच असणार होता. त्याची बायकोही रोज सकाळी गुहा झाडायला यायची. तिचं नाव हजेरीपटावर नव्हतं. नवऱ्याच्या कामाला हात लागावा म्हणून यायची, एवढंच.

उद्घाटन हिवाळ्यात ठरलं. मोठे पाहुणे येणार म्हणून बंदोबस्ताची आखणी करायला आदल्या दिवशी मी आणि जमादार गुहेत गेलो. आत वर पाहिलं तर छताच्या खडकावर ठिकठिकाणी बोटभर रुंद, वीतभर लांब अशा काचेच्या पट्ट्या सिमेंटनं चिकटवलेल्या. प्रत्येकीवर तांबड्या रंगात आकडे आणि तारीख. अशा सहा पट्ट्या होत्या. चौकीदार शिडी लावून त्यातली एक फडक्यानं पुसत होता.

"हे काय रे?" मी विचारलं.

तो भराभर खाली उतरला, टोपी नीट केली. "सरकारी निशाणी हाय साहेब. नंबर टाकेल हाय ना. जशे हद्दीचे दगड रायतात, तशी. नागपूरच्या साहेबानं लावली."

"सांभाळतोस नीट?"

"हाव जी. एक बी फुटू देली नाही," तो म्हणाला. हे बोलताना त्याची नजर जरा खाली गेली होती. ते माझ्या ध्यानात आलं, पण मी ते लाजाळूपणावर ढकललं. मी त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणालो, "शाब्बास." मोठं पोलिसी कसब शिकून आलो होतो मी!

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या आवारात हजेरी चालू होती. बंदोबस्ताला निघायच्या बेतात होतो तोच सायकलवरून एक गडी धापा टाकत आला. फाटकातच सायकल टाकून ओरडला, "साहेब, छत बसलं! बाया आत हायेत!"

गुहेच्या मागच्या अर्ध्या भागावरचा खडक खाली आला होता. पाहुणे यायला दोन तास होते म्हणून बरं, असं त्या दिवशी किती जण किती वेळा म्हणाले! ते ऐकून कानशिलं तापत होती. आत दोन बायका होत्या. एक चौकीदाराची बायको, सारवून झाल्यावर रांगोळी घालत बसलेली. दुसरी शेजारच्या मळ्यातली म्हातारी माळीण, झेंडूची तोरणं घेऊन आलेली. पहारी लावून, दोर बांधून दगड हलवायला दुपार उलटली. दोघींपैकी कुणीच वाचलं नाही.

चौकीदार त्या वेळी खाली नाल्यावर पाणी आणायला गेला होता. आम्ही पोचलो तेव्हा तो गुहेच्या तोंडाशी खांद्यावर भरलेली कावड घेऊन उभा होता. बायकोला बाहेर काढेपर्यंत तो तसाच उभा राहिला. शेवटी जमादारांनी त्याच्या खांद्यावरून कावड उतरवली.

मी अकस्मात मृत्यूची नोंद केली. प्रेतांचा पंचनामा झाला, जागेचा पंचनामा झाला. ढिगाऱ्यात काचेचे काही तुकडे मिळाले, तांबड्या आकड्यांचे. ते पाकिटात घालून लाखेनं सील केले. कशासाठी ठेवतोय ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. जागेवर जे वेगळं दिसेल ते उचलावं, एवढाच नियम पाळला.

वरून लगेच तगादा सुरू झाला. एवढ्या मोठ्या कार्यक्रमाच्या दिवशी असं कसं झालं? घातपात तर नाही? कुणीतरी पुडी सोडली की दोन गावांच्या भांडणातून सुरुंग लावला. तीन दिवस आम्ही साप साप म्हणून भुई धोपटली. विहिरी खणणारे, खाणीवरचे, ज्यांच्याकडे सुरुंगाची दारू असेल ते सगळे आणून बसवले. सुरुंगाचा वास नाही, काळा डाग नाही, आवाज ऐकल्याचं कुणी सांगत नाही. दगड आपणहून पडला होता, हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. पण आपणहून पडलेल्या दगडाला आरोपी करता येत नाही ना.

चौथ्या दिवशी मालेगावच्या बाजारात तसबिरी मढवणारे एक वयस्क चाचा ठाण्यात आले. बाकावर टेकले, पाणी मागून घेतलं. जमादार त्यांना ओळखत होते.

"साब, दिल पर बोझ है, म्हणून आलो," ते म्हणाले. "त्या गुफेच्या चौकीदारानं माह्याकडून दोन डाव काचेची पट्टी कापून नेली. सुतळीनं माप घेऊन आलता. म्या इचारलं, कायले पाह्यजे? म्हणे, सरकारी काम हाय. अब आप ही बताओ, सरकारी काम की काच कोई ऐसे छुपाके ले जाता है क्या? पिशवीत, कपड्यात गुंडाळून?"

मी पंच बोलावून त्यांच्यासमोर पाकिटाचं सील फोडलं आणि तुकडे उजेडात धरून पाहिले. आतले तुकडे दोन तऱ्हेचे होते. काही जाड, कडेला हिरवट झाक असलेले, खिडकीच्या तावदानाचे असतात तसे. बाकीचे पातळ आणि पांढरे. माझ्या अंगात वीज शिरल्यासारखं झालं. तपासात धागा हाती आला की जो कैफ चढतो तो ज्यानं अनुभवलाय त्यालाच कळेल.

त्याच दुपारी वाशीमला जाऊन मी त्या खात्याची फाईल मागवली. वरच पत्रांचा गठ्ठा आणि खाली नागपूरहून आलेल्या भूगर्भ तज्ज्ञाचा अहवाल, इंग्रजीत टाइप केलेला. त्या माणसानं आपलं काम चोख केलं होतं. छतात सहा भेगा सापडल्या, म्हणून प्रत्येक भेगेवर आडवी काच चिकटवली. खडक केसभर सरकला तरी काच तडकणार. एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या, सहाही काचा शाबूत राहिल्या तरच गुहा लोकांना उघडा. एक जरी तडकली तर तत्काळ बंद करा आणि मला कळवा. चार ओळींचा मामला. त्यामागे ओव्हरसियरची तपासणी वही. दर महिन्याला एकच शेरा, त्याच शाईत, त्याच वळणात: 'काचा शाबूत.'

मी निष्काळजीपणानं मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा नोंदवला आणि चौकीदाराला अटक केली. बायको जाऊन पाच दिवस झाले होते.

फार ताणावं लागेल असं मला वाटलं होतं. दोन पंच बोलावून ठेवले होते. जमादारांनी त्याला चहा दिला. तो कपबशी मांडीवर धरून बसला, प्यायला नाही.

"गुहेतल्या काचा कुणी बदलल्या?" मी एकदम विचारलं.

"म्या बदलवल्या साहेब." क्षणभरही थांबला नाही.

"काहून?" एव्हाना मलाही तो शब्द सवयीचा झाला होता.

"फुटल्या होत्या ना. ओव्हरसियर साहेबानं काचा लावतानीच सांगतलं होतं, ढोरंपोरं जवळ येऊ देऊ नको, काच फुटली त तुही चौकीदारी गेली समज. आन् थ्या आपल्याआपच फुटत होत्या साहेब! पयली त पोळ्याच्या आंधी तडकली. म्या कोणाले हात लावू देला नाही, बाबाची आन. पण माह्यं कोण आयकते? हद्दीचा दगड हालला त पाटील पयले शेतवाल्यालेच धरते. म्या म्हणलं, साहेब पाह्यतीन त म्हणतीन, यानंच फोडली."

किती काचा, कधी, सगळं त्यानं सांगितलं. पोळ्यापासून चार महिन्यांत तीन. चाचांकडून दोन आणल्या. नंबर आणि तारीख जुन्या काचेवर पाहून त्याच वळणात, तांबड्या रंगानं लिहिली. माणूस टापटिपीचा होता म्हटलं ना. आणि ओव्हरसियर? तो जीपमधून टेकडीच्या पायथ्याशी यायचा, वर न चढता खालूनच हाक मारायचा, "काय रे, काचा शाबूत?" हा वरून म्हणायचा, "हाव साहेब."

"जुन्या फुटक्या काचा कुठायत? फेकल्या?"

त्याला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. "सरकारी माल कसा फेकीन साहेब? घरी ठेवल्या हायेत पेटीत. काढून देतो."

पंचांसमोर त्याचं निवेदन लिहून घेतलं, वाचून दाखवलं, त्यानं सही केली. मग जीपमधून त्याच्या घरी गेलो. दोन खणांचं मातीचं घर, सारवलेलं, पण कोपऱ्यात चूल थंड. दारात त्याची आई बसली होती. समोरच्या भिंतीवर तथागताची तसबीर होती. चौकट होती, चित्र होतं, काच नव्हती. उघड्या चित्रावर धूळ बसू नये म्हणून कुणीतरी पातळ कागद लावला होता. मी त्याच्याकडे पाहिलं.

"तिसरी काच या तसबिरीची काढली," तो म्हणाला. "चाचाकडं तिसऱ्यांदा जाव त थे शक घेतीन म्हणून. बायकोनंच काढून देली. म्हणे, कायम झाले का नवी बसवू."

पत्र्याच्या पेटीतून त्यानं धुवट कापडाचं गाठोडं काढलं. तीन काचांचे सगळे तुकडे. जमिनीवर फडकं पसरून त्यानं ते एकमेकांना जोडून दाखवले, अक्षरं-आकडे जुळतील असे. माझी छाती फुगली होती. असा पुरावा, असा सरळ तपास, साताऱ्याच्या पोरानं वऱ्हाडात येऊन पाच दिवसांत लावलेला! मी पंचनामा केला, तुकडे सील केले, पंचांच्या सह्या झाल्या. माझं त्या घरातलं काम संपलं.

मी उठलो तसा तोही उठला. हात जोडून म्हणाला, "मोजून घेतले ना साहेब? एक तुकडा कमी नाही. आता काचा जमा झाल्या. मंग मले सोडसान ना? चौकीदारी गेली त गेली."

त्याला अजूनही वाटत होतं की मी काचांसाठी आलोय. सरकारी काच फुटल्याचा गुन्हा! आणि माझ्या डोक्यात तिडीक उठली. पाच दिवसांची दगदग, वरचा तगादा, दोन मेलेल्या बायका, आणि हा माणूस काचांचे तुकडे मोजतोय. शिवाय पंच बघत होते. मला कळलेलं सगळं मला कुणाला तरी सांगायचंच होतं.

"काचांचं काय घेऊन बसलास, मूर्खा!" मी ओरडलो. "ती काच कशासाठी होती माहीत आहे? वरचा दगड सरकला की काच फुटावी, म्हणून लावली होती. काच फुटली म्हणजे छत पडणार. तुझ्या बायकोच्या डोक्यावरचा तो दगड चार महिने ओरडून सांगत होता, आणि तू दर वेळी त्याच्या तोंडाला फडकं बांधलंस!"

 तो माझ्याकडे बघत राहिला. ओठ हलत होते, आकडेमोड केल्यासारखे.

"पोळ्याच्या आंधी..." तो हळूच म्हणाला. "म्हंजे तवाच... थे त रोज झाडाले जाये आत. रोज." मग तो खाली बसला, जिथं काचा मांडल्या होत्या तिथंच, आणि वर बघून मला विचारलं, "मंग साहेब, म्या मारलं तिले?"

मी उत्तर दिलं नाही. फौजदारानं उत्तरं घ्यायची असतात, द्यायची नसतात, अशी माझी तेव्हाची समजूत. दारातल्या म्हातारीनं पदर तोंडात कोंबला.  ठाण्यात परत आल्यावर जमादारांनी स्टेशन डायरीत नोंद केली, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि बराच वेळ ती नुसती फिरवत बसले.

नंतर मी ओव्हरसियरचा जबाब घेतला. पांढरा शर्ट, हातात तीच वही. मी विचारलं, "काच कशासाठी लावली, हे चौकीदाराला का सांगितलं नाही?"

"अहो फौजदारसाहेब, चौकीदाराला काय सांगायचं?" तो हसून म्हणाला. "त्याला काय कळणार खडकातलं? त्याला सांभाळायला ठेवला होता."

मी त्याची गचांडी धरायचाच बाकी राहिलो. त्याला कळलं नसतं म्हणे! मी एका दमात सांगितलं आणि त्याला पुरतं कळलं. इतकं कळलं की पुन्हा कुठली गोष्ट समजून घ्यायची त्याला गरज उरली नाही. पण तो संताप मला आता पोकळ वाटतो. ओव्हरसियरनं त्याला सांगायच्या लायकीचं समजलं नाही. मी त्याला सांगितलं, पण तेही माणूस समजून नव्हे.

दोषारोपपत्राच्या माझ्या मसुद्यात दोन आरोपी होते. वरून परत आलेल्या मसुद्यात एकच उरला. तांत्रिक अहवाल योग्य होता, तपासणी वही पूर्ण होती, चौकीदारानं फसवणूक केल्यावर अधिकारी काय करणार? मी दोनदा लिहून पाहिलं, एकदा जाऊन भांडून आलो. साहेब म्हणाले, "तुम्ही तपास उत्तम केलाय, आता तो बिघडवू नका." चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण शाळेत पाठ केली होती. माझ्याच अक्षरात ती लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. मी सही केली. न करणारे अधिकारी असतात, मी त्यांतला नव्हतो.

कोर्टात मॅजिस्ट्रेटसाहेब भले होते. त्यांनी त्याला वकील देऊ केला, नीट समजावलं की गुन्हा कबूल करायलाच हवा असं नाही. मी मागच्या बाकावर बसून मनात म्हणत होतो, अरे नाकबूल कर, माझ्या केसच्या चिंध्या कर. वकिलानं एकच प्रश्न विचारला असता तर बास होतं: याला धोका माहीत असता तर यानं स्वतःच्या बायकोला आत पाठवलं असतं का? पण तो कठड्याला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "कबूल हाय साहेब. म्याच मारलं." दीड वर्षाची कैद झाली. माझ्या सेवापुस्तकात 'कौशल्यपूर्ण तपास' असा शेरा आला. ओव्हरसियरची बदली झाली. पुढे तो चढत चढत बराच वर गेला, असं ऐकलं. गुहेच्या तोंडाला काटेरी तार लागली.

या प्रकरणानं मला शहाणं केलं असं लिहायला आवडलं असतं. अशा आठवणींच्या शेवटी तसं लिहायची पद्धतच आहे. पण मी त्यानंतरही ओरडलो, माणसांना तोडून बोललो, पुराव्याच्या कैफात चढलो. एवढंच झालं की रागाच्या भरात तोंड उघडलं की मला ते जमिनीवर जोडलेले तुकडे दिसायचे आणि वाक्य अर्धवट राहायचं. तपास म्हणजे माणसाच्या आतलं बाहेर काढणं, असं आम्हाला शिकवलं होतं. त्याच्या आत आपण काय टाकून येतो याचा पंचनामा कुठंच होत नाही.

तीन-चार वर्षांनी बदलीच्या निमित्तानं मी मालेगावच्या एस.टी. स्टँडवर उभा होतो. साध्या कपड्यांत होतो. मागून कुणीतरी म्हणालं, "जयभीम साहेब." वळून पाहिलं तर तो. खूप वाळला होता, पण सदरा तसाच, इस्त्रीचा. मी विचारलं, काय करतोस? म्हणाला, कामरगावाकडं सोयऱ्याच्या शेतात राहतो. आई गेली. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

गाडी लागली. तो जायला निघाला आणि थांबला.

"एक इचारू का साहेब? लय दिवसाचं मनात हाय."

"विचार."

"त्या दिवशी ठाण्यात तुमी माही सही घेतली होती. घरून काचा बी जमा केल्या होत्या, शिक्का मारला होता. तुमचं काम झालं होतं ना?"

"झालं होतं," मी म्हणालो.

"मंग मले थे नसतं सांगतलं, त चाललं असतं ना तुमचं?"

कंडक्टरनं घंटी मारली. माणसं ढकलाढकली करत चढत होती. तो उत्तरासाठी थांबला होता, आणि या वेळी मी उत्तर दिलं.

"चाललं असतं," मी म्हणालो.

"हाव," तो म्हणाला. "मले बी असंच वाटे." आणि तो गाडीत चढला.